शनिवारी न वाजणारं शिंग

१२ सप्टेंबर २०२६ हा ज्यूंच्या नववर्षाचा, म्हणजे रोश हशानाचा पहिला दिवस. तो शनिवारी येतो आहे. नववर्षाला मेंढ्याचं शिंग, म्हणजे शोफार, फुंकायचं आणि सगळ्यांनी ते ऐकायचं, ही तोरातली, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली, आज्ञा मानली जाते. मागाहून कुणी जोडलेली प्रथा नव्हे. तरीही त्या शनिवारी जगभरातल्या परंपरानिष्ठ सिनेगॉगांत शोफार वाजणार नाही. फुंकणारा हजर असेल, ऐकायला गर्दी असेल, शिंगही त्याच इमारतीत कुठल्यातरी कपाटात असेल. ते बाहेर निघेल रविवारी, सणाच्या दुसऱ्या दिवशी.

शनिवारची ही मनाई तोराने केलेली नाही, रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, केली. देवाची एक आज्ञा मोडली जाऊ नये म्हणून देवाचीच दुसरी आज्ञा माणसांनी त्या दिवसापुरती थांबवून ठेवली, असा हा प्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला तो तर्कट वाटतो, आणि दिलेलं कारण ऐकलं की आणखीच वाटतो. थोडं आत शिरलं की लक्षात येतं, की शिंग इथे निमित्त आहे. शास्त्र चालवणाऱ्यांनी मूळ आज्ञेला हात लावावा का, आणि लावलाच तर कुठवर, हा खरा वाद. गंमत म्हणजे हा अधिकार हाती घेताना रब्बींनी स्वतःलाही बऱ्यापैकी बांधून घेतलं.

घाणा बंद, पण तेवढ्यावर भागत नाही

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंतचा दिवस म्हणजे शब्बाथ. कोकणाला त्याची ओळख जुनी आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. इतर ज्यू जगाशी संबंध तुटलेला असतानाही शब्बाथ, मुलांची सुंता आणि शेमा ही प्रार्थना या समाजाने धरून ठेवली, असं सांगतात. तालमुद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, आणि त्यावर उभं राहिलेलं रब्बींचं शास्त्र त्यांच्यापर्यंत बरंच नंतर, कोचीनहून आलेल्या शिक्षकांमार्फत पोचलं. शब्बाथचे दोन थर आहेत म्हणजे काय, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पहिला थर तोराचा. तोरा बहुतेक ठिकाणी 'काम करू नका' एवढंच म्हणते. काम कशाला म्हणायचं हे मिश्नेने ठरवलं. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली नियमसंहिता. तिने ३९ कामं मोजून दिली: नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळण, विणकाम, लिहिणं, आग पेटवणं, विझवणं आणि अशीच आणखी. फळं पिळून तेल काढणं मळणीच्या पोटात येतं. यादीतलं शेवटचं काम मात्र जरा वेगळ्या जातीचं आहे. खाजगी जागेतून सार्वजनिक जागेत वस्तू नेणं, किंवा सार्वजनिक रस्त्यावर ती चार हात, म्हणजे साधारण दोन मीटर, वाहून नेणं. वजनाचा इथे संबंध नाही. गोणी असो की रुमाल, नियम एकच.

आता विचार करा, या ३९ कामांपैकी चुकून हातून होण्यासारखं कुठलं? कुणी चुकून नांगरायला जात नाही. हातात काहीतरी घेऊन उंबरा ओलांडणं मात्र कुणालाही, कधीही होऊ शकतं. रब्बींची जवळजवळ सगळी चिंता या शेवटच्या कामाभोवती फिरते ती म्हणून.

दुसरा थर रब्बींचा. 'तोराला कुंपण घाला' हे वचन मिश्नेतच आहे, आणि शब्बाथभोवती त्यांनी भरपूर कुंपण घातलं. झाडावर चढायचं नाही, कारण फांदी मोडेल आणि ती कापणी ठरेल. वाद्य वाजवायचं नाही, कारण तार तुटली की माणूस दुरुस्त करायला बसेल. पोहायचं नाही, स्वारी करायची नाही. या वर्गातल्या मनाईला श्वुत म्हणतात.

इथपर्यंत कुणालाही पटेल. झाडावर न चढल्याने कुणाचं पुण्य बुडत नाही. पण मिश्नेतल्या 'बेत्सा' या प्रकरणात ही यादी तीन पायऱ्यांनी वर चढते. पहिल्या पायरीवर झाडं, घोडे, पोहणं, टाळ्या, नाच. दुसऱ्या पायरीवर धर्माला धरून असलेल्या, पण थोड्या ऐच्छिक गोष्टी: न्यायनिवाडा करायचा नाही, वाङ्‌निश्चय करून स्त्रीला पत्नी म्हणून स्वीकारायचं नाही. तिसऱ्या पायरीवर उघड उघड पुण्यकर्मं: यरुशलेमच्या मंदिराला वस्तू अर्पण करायची नाही, धान्यातला पुरोहितांचा वाटा आणि दशांश वेगळा काढायचा नाही. चांगलं काम आहे म्हणून सूट नाही. दशांश काढल्याशिवाय धान्य खाता येत नाही. काढला की ते खाण्याजोगं 'दुरुस्त' होतं, आणि दुरुस्ती शब्बाथला चालत नाही. म्हणून शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी घरच्या पुरुषाने तीन गोष्टी विचारायच्या असा नियम आला: दशांश काढला का, एरुव्ह (वस्तूंची ने-आण करता यावी म्हणून आखायची हद्द) केला का, आणि मग दिवा लावा. तालमुद त्यात भर घालतं की हे हळुवार आवाजात विचारावं. शुक्रवारच्या संध्याकाळी घराघरांत काय चालत असेल याचा या सूचनेवरून अंदाज येतो.

याच्या उलट्या बाजूला दोन गोष्टी आहेत, त्या विसरून चालणार नाही. माणसाचा जीव धोक्यात असेल तर तोराचा पहिला थरसुद्धा बाजूला सरतो. तिथे विचारत बसायचं नाही, धावायचं. आणि शब्बाथला धंद्याच्या गप्पा मना असल्या, तरी गरिबांना काय द्यायचं ते ठरवणं, मुलीचं लग्न जमवण्याची बोलणी, मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था या गोष्टी तालमुद चालवून घेतं. बोलणं चालतं, हाताने करणं अडतं.

तज्ज्ञाकडे निघालेला माणूस

आता शोफारकडे येऊ. शिंग फुंकणं हे ३९ कामांपैकी एकही नाही; तालमुदच्या मते ते कौशल्य आहे, काम नव्हे. मग मनाई कशासाठी?

बॅबिलोनियातल्या पुम्बेदिथा इथल्या विद्यापीठाचे रब्बा हे चौथ्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे पंडित. त्यांनी कारण दिलं ते असं: शोफारची आज्ञा सगळ्यांना आहे, पण फुंकायची कला सगळ्यांना येत नाही. एखादा माणूस शिंग हातात घेईल, शिकायला जाणकाराकडे निघेल, आणि वाटेत सार्वजनिक रस्त्यावर चार हात ते वाहून नेईल. लुलावचं कारणही तेच आणि मगिल्लाचंही तेच, असं त्यांनी पुढे म्हटलं. लुलाव म्हणजे सुक्कोथ या मांडवांच्या सणाला हातात धरायची खजुराची कोवळी फांदी. तिच्यासोबत मेंदीसारखं सुगंधी मर्टल, विलो आणि एक लिंबूवर्गीय फळ असतं. मगिल्ला म्हणजे पुरीम या सणाला वाचायची, एस्तेर राणीच्या गोष्टीची गुंडाळी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे कारण मला अपुरं वाटतं. एक अडाणी माणूस, तोही शनिवारीच शिकायला निघणार, तेही शिंग हातात घेऊन, आणि त्याच्या भीतीने अख्ख्या समाजाचं शोफार बंद? हा आक्षेप नवा नाही. तालमुद दोन आहेत, बॅबिलोनियाचं आणि यरुशलेमी. यातलं यरुशलेमी तर कारणच वेगळं देतं. तोरात या दिवसाचा उल्लेख दोनदा येतो. 'लेवीय' या भागात तो नादाच्या स्मरणाचा दिवस आहे, 'गणना' या भागात नादाचा दिवस. म्हणून शब्बाथला स्मरण करा आणि इतर वारी वाजवा, असा अर्थ तिथे लावला आहे. तसं असतं तर मनाई थेट तोराचीच ठरली असती. बॅबिलोनियाच्या तालमुदने हा अर्थ ऐकून घेतला आणि नाकारला. रावा नावाच्या पंडिताने विचारलं, तोराचीच मनाई असेल तर यरुशलेमच्या मंदिरात शब्बाथला शोफार वाजत होतं ते कसं?

म्हणजे रब्बींना ती जबाबदारी देवावर ढकलायची सोय होती, त्यांनी ती घेतली नाही. ही मनाई आपली आहे, असं त्यांनी कबूल केलं. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

रब्बांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तज्ज्ञाकडे निघालेला तो माणूस अगदीच हवेतला नाही. मिश्नेत रब्बी योसे यांचं एक मत आहे: सुक्कोथचा पहिला दिवस शब्बाथला आला, कुणी विसरून लुलाव घेऊन रस्त्यावर गेला, तर त्याला दोष नाही, कारण तो आज्ञा पाळण्याच्या गडबडीत होता. असा माणूस भेटत असल्याशिवाय त्याच्या सुटकेचा नियम कोण लिहील? हयगय करणाऱ्यापेक्षा उत्साहाने धावणाऱ्याच्या हातून शब्बाथ लवकर मोडतो, हे रब्बींचं निरीक्षण होतं. आणि नियम करताना त्यांनी वाजवता येणाऱ्याला न धरता, ज्याला वाजवता येत नाही पण वाजवायचं आहे त्याला धरलं.

यरुशलेममधली मारामारी आणि याव्नेतला डाव

मंदिर उभं होतं तोवर तिथे रब्बींची श्वुत-मनाई लागू नसे. पुरोहित दक्ष असतात, एकमेकांवर नजर ठेवतात, म्हणून कुंपणाची गरज नाही, हा विचार. त्यामुळे नववर्ष शनिवारी आलं की मंदिरात शोफार वाजे, बाहेर गावोगावी वाजत नसे.

लुलावचीही अशीच सोय केली होती. सणाचा पहिला दिवस शनिवारी आला की लोक शुक्रवारीच आपापली फांदी मंदिराच्या टेकडीवर नेऊन ठेवत. सेवक त्या घेऊन ओसरीत रचून ठेवत. पहिल्या दिवशी फांदी स्वतःच्या मालकीची असावी लागते. गोंधळात दुसऱ्याचीच हातात आली तर काय? म्हणून सगळ्यांना म्हणायला शिकवलं होतं, 'माझी फांदी ज्याच्या हाती लागेल, त्याला ती भेट.' योजना उत्तम. सकाळी सेवक फांद्या पुढे टाकत, लोक त्यांवर तुटून पडत, आणि एकमेकांना झोडपत. न्यायसभेने हे पाहिलं आणि आपापल्या घरीच फांदी धरा असं फर्मान काढलं. मिश्ना हा सगळा प्रकार दोन-चार ओळींत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगून टाकते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळलं. धर्मसत्ता याव्ने या गावी आली आणि तिच्या मधोमध होते रब्बान योहानान बेन झक्काई. पुढे नववर्ष शनिवारी आलं. मंदिर तर नाही, मग आता शोफार कुठेच वाजणार नाही का? आसपासच्या गावांतले लोक याव्नेत जमले. योहानान म्हणाले, वाजवू या. बेतेरा घराण्याचे लोक म्हणाले, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी वाजवू, मग चर्चा करू. शोफार वाजलं. बेतेरावाले चर्चेला पुढे आले तेव्हा योहानान म्हणाले, याव्नेत शिंग ऐकू गेलेलं आहे. झालेल्या कृत्यावर आता फेरविचार होत नाही.

शुद्ध डाव होता हा. पण त्यातून नियम निघाला: जिथे न्यायसभा आहे तिथे शब्बाथला शोफार वाजू शकतं. मंदिराची जागा पंडितांच्या सभेने घेतली ती अशी, एका शनिवारी, चर्चेच्या आधी. रब्बी एलाझार म्हणत राहिले की ही सूट फक्त याव्नेपुरतीच होती. कालांतराने तशा न्यायसभाच उरल्या नाहीत आणि मनाई सगळीकडे पसरली. अकराव्या शतकात रब्बी इसहाक अल्फासी, जे मोरोक्कोतल्या फेझहून उतारवयात स्पेनला गेले, आपल्या न्यायसभेत शब्बाथला शोफार वाजवत असत अशी नोंद आहे. त्यांच्यामागे शिष्यांनी ते चालू ठेवलं नाही. आज अनेक रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, सिनेगॉगांत शनिवारी शोफार वाजतं. परंपरानिष्ठांत नाही, आणि गावाभोवती एरुव्ह असला तरीही नाही. एरुव्ह म्हणजे खांब आणि तारा जोडून आखलेली हद्द, जिच्या आत वस्तू वाहून नेता येतात. मॅनहॅटनभोवतीही अशी तार आहे. म्हणजे चार हातांची भीतीच जिथे संपली, तिथेही मनाई राहते, कारण नियम एकदा झाला की गल्लीगल्लीनुसार बदलत नाही.

नुसतं बसून राहण्याची ताकद

इथे कुणीही विचारेल: रब्बी तोराची आज्ञा रद्द कशी करू शकतात? तालमुदच्या 'येवामोथ' या ग्रंथात रब्बा आणि रव्ह हिस्दा यांची यावर चांगलीच जुंपते. रब्बा म्हणतात, न्यायसभेला तोरा उपटायचा अधिकार नाही. हिस्दा एकेक उदाहरण काढून दाखवतात. शेवटी जी रेघ ओढली गेली ती आजवर टिकून आहे. 'हे करा' असं सांगून तोरा मोडायला लावणं रब्बींच्या हातात सहसा नाही. 'बसा आणि करू नका' एवढं ते सांगू शकतात. हिस्दा मग मान्य करतात की माझ्याकडे आणखी यादी होती, सुंतेची सुरी, शुद्धीच्या पाण्याचं शिंपण, शोफार, लुलाव. पण ही सगळी बसून राहण्याचीच उदाहरणं आहेत.

यातलं शिंपण जरा निष्ठुर आहे. प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झालेल्या माणसाच्या शुद्धीचा दिवस पेसाह सणाच्या आदल्या दिवशी आला आणि तो दिवस शब्बाथ असला, तर त्याच्यावर पाणी शिंपडायचं नाही. मग तो पेसाहच्या यज्ञाला मुकतो. हा यज्ञ चुकवणं तोराच्या दृष्टीने फार गंभीर, तरी रब्बी हटले नाहीत.

मग सुंता का नाही थांबवली? आठव्या दिवशी सुंता करायची, तो दिवस शब्बाथ असला तरी करायची, असा नियम आहे; आणि कापणं हे तर उघड उघड काम. मध्ययुगातल्या भाष्यकारांनी हा प्रश्न सोडला नाही. एक उत्तर साधं आहे: सुंता जाणकारच करतो, त्यामुळे शिकायला धावणारा माणूस इथे नाहीच. सतराव्या शतकात पोलंडमधले डेव्हिड हलेवी यांनी अधिक खोल उत्तर दिलं. तोराने जिथे स्पष्ट शब्दांत मुभा दिली आहे, तिथे रब्बींना मनाई करता येत नाही. शोफारचा दिवस कधी शनिवारी येतो, कधी येत नाही. मनाईनंतरही आज्ञा इतर वर्षी जिवंत राहते. आठव्या दिवसाचं तसं नाही, तो बाळाच्या जन्मावरच ठरून जातो. कुंपणाला इथे दुसऱ्या बाजूनेही मेख मारलेली दिसते.

सुंता चालते, पण सुरी आणायला चालत नाही. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चिवट वाद. रब्बी एलिएझर म्हणत, शब्बाथला सुंता करायची तर तिची तयारीही करता येते. गरज पडली तर लाकूड तोडून कोळसा करा आणि लोखंड तापवून सुरीसुद्धा घडवा. रब्बी अकिवा म्हणाले, शुक्रवारी करता आलं असतं असं कुठलंही काम शब्बाथला बाजूला सारत नाही. नियम अकिवांचा ठरला. सुरी आदल्या दिवशी आणायची विसरलात, तर सुंता रविवारवर जाते.

अशाच विसरण्याची आणखी एक गोष्ट तालमुद सांगतं. पेसाहचा आदला दिवस शब्बाथला आला आणि बेतेरा घराण्याला आठवेना, की त्या दिवशी यज्ञ करता येतो की नाही. (होय, तेच बेतेरा. या घराण्याचं नाव अशा अडचणीच्या वेळीच का येतं कोण जाणे.) बॅबिलोनियाहून आलेल्या हिल्लेल या पंडिताने सिद्ध केलं की करता येतो. मग पुढचा प्रश्न आला: लोक सुरे आणायला विसरले असतील तर? हिल्लेलला उत्तर आठवेना. तो म्हणाला, लोकांवर सोडा. ते संदेष्टे नसले तरी संदेष्ट्यांची मुलं आहेत. दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे कोकरू होतं त्याने सुरा त्याच्या लोकरीत खोचून आणला, ज्याच्याकडे करडू होतं त्याने शिंगांच्या मधे. माणसाच्या हाताने काही वाहून नेलं नाही. रब्बींची कोंडी लोकांनी फोडली आणि हे रब्बींनीच लिहून ठेवलं.

आणि शोफारची मनाई सांगणारे रब्बा? त्यांच्याच आयुष्यातली एक शनिवारची हकिगत आहे. एका तान्ह्याची सुंता होती आणि त्याच्यासाठी ठेवलेलं गरम पाणी सांडलं. रब्बा म्हणाले, माझ्या घरून आणा. त्यांचे शिष्य अब्बये म्हणाले, आपण अंगणांचा एरुव्ह केलेला नाही, आणता येणार नाही. गल्लीची सामायिक व्यवस्था तरी? तीही नाही. तर मग एखाद्या बिगर-ज्यूला सांगा, तो आणेल, असं रब्बा म्हणाले. अब्बयेंना इथेही हरकत घ्यायची होती, कारण दुसऱ्याला सांगून काम करून घेणं हीसुद्धा रब्बींचीच मनाई. रव्ह योसेफ यांनी त्यांना अडवलं. तोराचा मुद्दा असेल तर आधी हरकत आणि मग कृती. रब्बींचा मुद्दा असेल तर आधी कृती, मग हरकत. नंतर वाद झालाच, आणि निघालं ते असं की तोंडाने सांगणं आणि हाताने शिंपडणं या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. पाणी तोवर आलेलं होतं.

पंचांगातली तडजोड

मनाई इतकी त्रासदायक, तर पंचांगच असं का नाही आखलं की नववर्ष शनिवारी येणारच नाही? असं करता आलं असतं; केलंही आहे, पण दुसऱ्या कशासाठी तरी. ज्यू पंचांगात रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी सुरू होत नाही. बुधवार-शुक्रवार टाळले ते उपवासाचा योम किपूर शब्बाथला चिकटून येऊ नये म्हणून. रविवार टाळला तो विलोच्या फांदीसाठी. सुक्कोथच्या सातव्या दिवशी विलोच्या फांद्या आपटतात. नववर्ष रविवारी आलं तर तो दिवस शनिवारी पडेल आणि फांद्या आपटता येणार नाहीत. यरुशलेमी तालमुदमध्ये रब्बी सिमोन पंचांग आखणाऱ्यांना बजावतात: शोफार आणि विलो, दोन्ही शब्बाथला येऊ देऊ नका, अगदीच अडलं तर शोफार येऊ द्या, विलो नको. विलो आपटणं ही मंदिराबाहेर नुसती रूढी, शोफार ही तोराची आज्ञा. तरी झुकतं माप रूढीला. शोफारला सणाचा दुसरा दिवस तरी मिळतो, विलोला दुसरा दिवस नाही, हे त्यामागचं एक व्यावहारिक स्पष्टीकरण असू शकतं.

मगिल्लाचं तसं बरं आहे. आजच्या पंचांगात पुरीम शनिवारी येतच नाही. यरुशलेम शहरात मात्र तो एक दिवस उशिरा साजरा होतो, आणि तो उशिराचा दिवस कधीकधी शनिवारी पडतो. तेव्हा सण तीन दिवसांवर पसरतो. मार्च २०२५ मध्ये असं झालं: शुक्रवारी वाचन आणि गरिबांना दान, शनिवारी प्रार्थनेतला पुरीमचा भाग, रविवारी मेजवानी. वाचन आणि दान एकाच दिवशी का, याचं कारण तालमुदमध्ये रव्ह योसेफ देतात आणि ते रब्बांच्या कारणापेक्षा मला कितीतरी जवळचं वाटतं. गरिबांचे डोळे मगिल्लाच्या वाचनाकडे लागलेले असतात. त्या दिवशी पैसे वाटतात, हे त्यांना माहीत असतं. शब्बाथला पैशाला हात लावता येत नाही. मग वाचनही तेव्हा नको.

क्राकूफमधली मुलगी

शब्बाथला लग्न लावायचं नाही, कारण कुणीतरी विवाहपत्र लिहायला घेईल. ही रब्बींचीच मनाई. तालमुद स्वतःच विचारतं, पण लग्न ही तर आज्ञा, मग अडवायची का? उत्तर येतं: ज्याला आधीच बायको-मुलं आहेत त्याच्यासाठी अडवली. यावरून बाराव्या शतकातले फ्रान्सचे रब्बेनू ताम म्हणाले, म्हणजे ज्याला नाहीत त्याला अडचणीत मोकळीक आहे. बहुतेकांनी ते मानलं नाही.

सोळाव्या शतकात पोलंडच्या क्राकूफ शहरात मोशे इस्सर्लेस हे प्रमुख रब्बी होते. एका गरिबाने मुलीचं लग्न ठरवलं आणि लग्नाआधीच तो वारला. मुलगी अनाथ, नातेवाइकांनी पाठ फिरवली, फक्त मामाने तिला घरी नेलं. शुक्रवारी लग्न ठरलेलं. शेजारच्या बायकांनी तिच्या डोक्यावर नवरीचा पडदा घातला. सावल्या लांबल्या, हुंड्याचे पैसे पुढे यायची वेळ झाली आणि कळलं की जवळजवळ तिसरा हिस्सा कमी आहे. नवरा हटून बसला. शहरातल्या मोठ्या माणसांनी समजावलं, पैशांसाठी मुलीला लाजवू नकोस. त्याने ऐकलं नाही. घासाघीस चालूच राहिली, शब्बाथ सुरू झाला, रात्र पडली, आणि मग कुठे तो राजी झाला.

इस्सर्लेस उठले आणि त्यांनी तिथेच, शब्बाथच्या रात्री, लग्न लावलं.

शहरात कुजबूज झाली. त्यांनी उत्तरादाखल सविस्तर निर्णय लिहिला, ताम यांचं मत पुढे ठेवलं, माणसाची लाज राखणं किती मोठं हे सांगितलं, आणि त्या मुलीला तशीच परत घरी पाठवली असती तर ती जन्मभर मान खाली घालून राहिली असती, असं म्हटलं. पुढे ज्यू आचारधर्माच्या प्रमुख संहितेवर त्यांनी टिपा लिहिल्या तेव्हा हा प्रसंग नियम म्हणून आत घातला: हुंड्याचं जमेपर्यंत शुक्रवारची रात्र झाली, मेजवानी तयार आहे, आणि लग्न मोडलं तर नवरा-नवरीची नाचक्की होईल, अशा वेळी ताम यांच्या मतावर टेकता येतं. त्याच टिपेच्या शेवटी त्यांनी एक वाक्य जोडलं आहे: तरीही अशी वेळ येणार नाही, याची काळजी आधीपासूनच घ्यावी.